गवती चहाचं तेल : हात सांभाळा



बुवापाड्यातल्या परसात काय, अंबरनाथच्या आसपासच्या बांधावर काय, गवती चहाचा ठोंब कुठंही येतो. त्याची पात चहात टाकली तर बिघडत नाही. पण त्याच पाल्याचं वाफेवर काढलेलं तेल जहाल असतं. १०० किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम अर्धा किलो. ढीगभर पाल्याचा जोर एका बाटलीत उतरतो.

या तेलात शंभरात ७० ते ८० भाग सिट्रल असतं. लिंबासारखा वास त्याचाच, आणि कातडीला बाधतंही मुख्यतः तेच. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून गाफील राहू नका. काहींचं शरीर त्याची ओळख धरून ठेवतं. मग पुढं थोडं लागलं, तरी एक-दोन दिवसांत खाज सुटते, पुरळ उठतं. बिब्बा एखाद्यालाच उततो, तसंच हे. एकदा बाधू लागलं, की सहसा जन्मभर बाधतं.

म्हणून,

१. पाण्यावर तरंगणारं तेल काढून घेताना हातमोजे घाला.

२. निव्वळ तेल गुडघ्याला किंवा मुलांच्या छातीला चोळू नका.

३. अंगावर सांडलं तर साबण लावून धुवा. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

४. तेल गडद काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, सावलीत ठेवा. हवा-उजेडानं बिघडलेलं तेल जास्त बाधू शकतं.

पुरळ उठलंच, तर लेप लावत बसू नका. तेलाचं काम थांबवा आणि दवाखाना गाठा.