धर्मशाळेचे दार

सहलीला निघताना आपण काय काय पाहायचे याची यादी करतो. मुक्काम कुठे करायचा याचा विचार मात्र शेवटी होतो आणि तोही भाड्यापुरता. परंतु जुन्या मुक्कामाच्या जागा स्वतःच पाहण्यासारख्या असतात. पंढरपूर, नरसोबाची वाडी अशा ठिकाणी धर्मशाळांत राहण्याचा योग मला आला, तेव्हापासून या इमारतींविषयी कुतूहल वाटू लागले. त्यातून जे वाचले, जे लक्षात आले, ते येथे थोडक्यात मांडतो.

आपल्याकडे प्रवास मुख्यतः तीर्थयात्रेसाठी होत असे. त्यामुळे वाटसरूला आसरा देणे हे पुण्यकर्म मानले गेले. विहीर खणावी, घाट बांधावा, धर्मशाळा उभारावी, ही दानाची ठरलेली रूपे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत केलेली अशी कामे प्रसिद्धच आहेत. जुन्या धर्मशाळेची रचना साधी असते. मध्ये चौक, भोवती ओवऱ्या, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे, जवळपास आड किंवा विहीर. अंथरूण आणि शिधा ज्याचा त्याने आणायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि एकदोन दिवसांनी पुढची वाट धरायची. येथे मिळायचे ते छप्पर, पाणी आणि सोबत. चोराचिलटांच्या काळात सोबतीचे मोल छपराहून कमी नव्हते.

आपले कोल्हापूर तर यात्रेकरूंचेच गाव. अंबाबाईचे दर्शन, चैत्रात जोतिबाची यात्रा, पुढे वाडीला दत्तदर्शन, असा हा फेरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि यात्रेकरूंची वाट सोपी झाली. इंग्रजी अमदानीत साहेबांसाठी डाक बंगले झाले, शहरांतून खानावळी आणि लॉज निघाले. रंकाळ्याच्या काठी १९३१ ते १९३४ या काळात बांधलेल्या शालिनी पॅलेसचे १९८७ साली हॉटेल झाले आणि कालांतराने ते बंदही पडले. मुक्कामाच्या जागांचा इतिहास येथवर आला म्हणजे तो मोठा रम्य वाटतो. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. या ओवऱ्यांत झोपायची मुभा कोणाला होती?

सोळाव्या शतकात शेरशहा सुराने रस्त्यांवर सराया बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान यांची सोय वेगवेगळी होती, असे त्या काळचे इतिहासकार नमूद करतात. आपल्याकडच्या कित्येक धर्मशाळांवर दात्याच्या नावाची शिळा असते आणि ही वास्तू कोणत्या ज्ञातीच्या लोकांसाठी आहे, तेही तीवर कोरलेले आढळते. दान खरे, पण दाराला उंबरठा होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर बहुतेक ठिकाणी ते दार बंदच होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते पारशी पथिकाश्रमात गेले. तेथे केवळ पारशांनाच प्रवेश होता. व्यवस्थापकाने वहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर रोज दीड रुपया घेऊन त्यांना राहू दिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. ओळखीच्या दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. शेवटी संध्याकाळ बागेत काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परदेशातील विद्यापीठांनी ज्याला वर्गात जागा दिली, त्याला स्वदेशात खोली मिळाली नाही!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात हुकूम काढला. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, सरकारी विश्रामगृहे, पाणवठे येथे विटाळ पाळू नये, असा त्याचा आशय. आपल्या गावाने अभिमान बाळगावा असा हा कागद आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्यातही पाणवठ्यांच्या जोडीला धर्मशाळांचा उल्लेख आहे. महाडचा १९२७ चा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधारे पाण्यासाठी झाला, हे सर्वांना ठाऊक असते. छपराची मागणी त्याच ठरावात होती, हे मात्र विसरले जाते.

हुकूम आणि ठराव झाले, तरी देवस्थानांच्या गावी रात्र काढायची कुठे, हा प्रश्न तसाच उरला. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याच जाणिवेतून. ज्या संताला देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले, त्याच्या नावाने त्याच्या लोकांसाठी हक्काचे छप्पर झाले. १९४९ साली त्यांनी ती वास्तू बाबासाहेबांच्या हाती सोपवली. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात हॉटेलांचा आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांचा स्पष्ट उल्लेख आला. घटनाकारांना बडोद्याची ती संध्याकाळ आठवली असेल का, असे मनात येते.

हल्ली जुन्या वाड्यांत राहण्याची हौस वाढली आहे. ‘निवास व न्याहारी’ योजनेमुळे घरगुती मुक्कामही मिळतो. हे चांगलेच आहे. वास्तू वापरात राहिली तर टिकते आणि पाहुण्याला गाव कळते. मात्र खोली देताना आडनाव विचारण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, हे परगावाहून येथे शिकायला आलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना निराळे सांगायला नको.

म्हणून पुढच्या सहलीत एखाद्या जुन्या धर्मशाळेत उतरलात, तर तिची कमान, ओवऱ्या जरूर पाहा. पण दारावरची शिळाही वाचा. ही वास्तू कोणी बांधली, कोणासाठी बांधली आणि सर्वांसाठी ती केव्हा खुली झाली, हे तेथल्या वृद्ध माणसांना विचारा. उत्तर प्रत्येक ठिकाणी सुखद असेलच असे नाही. परंतु ज्या छपराखाली आपण निर्धास्त झोपतो, ते आपल्यापर्यंत कसे आले हे माहीत असणे, एवढे तर आपण त्या जागेचे देणे लागतो.