टॉमहॉक म्हणजे नेमकं काय? क्षेपणास्त्राच्या नावामागची कुऱ्हाड

परवा मोबाईलवर 'टॉमहॉक' सर्च केलं, तर स्क्रीनभर अमेरिकन नौदलाचं क्षेपणास्त्र. मला हवी होती कुऱ्हाड! 'असॅसिन्स क्रीड ३' खेळला असाल तर नायकाच्या हातात ती पाहिली असेल. १९९१ च्या आखाती युद्धात पहिल्यांदा डागल्या गेलेल्या त्या क्षेपणास्त्राने हिचं फक्त नाव उचललंय. तर आज मूळ वस्तूबद्दल बोलूया.

इंग्रजांनी १६०७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला जेम्सटाऊन वसवलं. तिथल्या पोहॅटन या मूळ रहिवाशांच्या भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला. अर्थ साधारण 'तोडायचं हत्यार'. आधी पातं दगडाचं असायचं, चामड्याच्या वादीने लाकडी दांड्याला बांधलेलं. मग युरोपियन व्यापाऱ्यांनी फरच्या बदल्यात लोखंडी पाती द्यायला सुरुवात केली आणि दगड मागे पडला. म्हणजे आपण जिला अस्सल 'रेड इंडियन' कुऱ्हाड समजतो, तिचं पातं बऱ्याचदा युरोपियन लोहाराने घडवलेलं असायचं.

ही हलकी, एका हाताने चालवायची कुऱ्हाड. दांडा साधारण दोन फुटांच्या आत. बऱ्याच टॉमहॉकमध्ये पातं दांड्याच्या बारीक टोकाकडून सरकवत जाड टोकाशी अडकवतात, अगदी आपल्या टिकावासारखं. पाचर लागत नाही, दांडा तुटला की जंगलातच नवा तासून बसवायचा. सरपण फोडणं, शिकार कापणं, लढाई, सगळ्याला हीच. १७७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सैनिकांकडे काय काय असावं ते ठरवलं, त्यात तलवार किंवा टॉमहॉक असा पर्याय होता.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती पाईप टॉमहॉक. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला तंबाखूची चिलीम आणि दांडा आतून पोकळ! १८ व्या शतकात ही खूप पसरली. तह करताना, भेट म्हणून ती दिली जायची. युद्ध आणि सलोखा एकाच दांड्यावर.

अशीच एक टॉमहॉक पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांची होती. १८७७ मध्ये सरकारने पोंकांना नेब्रास्कामधून उठवून आजच्या ओक्लाहोमात हलवलं. तिथे त्यांचा मुलगा वारला. त्याला आपल्या मातीत पुरायचं म्हणून १८७९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, हे साधारण ३० जणांना घेऊन परत निघाले. रस्त्यात लष्कराने पकडलं. दोन वकिलांनी त्यांची केस फुकट लढवली. ओमाहाच्या कोर्टात सरकारी बाजूचं म्हणणं काय होतं माहितीये? इंडियन माणूस कायद्याने 'व्यक्ती'च नाही, म्हणून तो कोर्टात दादच मागू शकत नाही! न्यायाधीश डंडी यांनी ते फेटाळलं आणि त्यांना सोडायला लावलं.

स्टँडिंग बेअर यांनी आभार म्हणून आपली पाईप टॉमहॉक जॉन वेबस्टर या वकिलाला दिली. वेबस्टर गेल्यावर ती संग्राहकाकडे गेली आणि फिरत फिरत हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात पोहोचली. पोंकांनी ती परत मागितली. जून २०२२ मध्ये हार्वर्डने ती त्यांच्या हातात दिली.