ओटावातली काळी मर्सिडीज नक्की कोणाची?

ओंटारिओमध्ये एखाद्याकडून दहा वर्षं जुनी कोरोला घ्यायची म्हटली, तरी विकणाऱ्याने आपल्याला कागदांचा एक संच द्यायचा असतो. यूज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज. गाडी प्रांतात आधी कोणाकोणाच्या नावावर होती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं त्यात असतं. आणि हे सगळं एका धाग्यात ओवलेलं असतं, तो धागा म्हणजे गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला प्रायमरी की म्हणतो. मालक बदलेल, रंग बदलेल, नंबरप्लेट बदलेल, पण हा एक नंबर बदलत नाही.

मात्र सतरा अक्षरांची ही पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला हिशेब. मग गाडी १९४० सालची असेल, महायुद्धातून गेलेली असेल, शत्रूच्या हातून सुटून समुद्रापार आलेली असेल आणि मूळ कागद एकही बरोबर नसेल, तर ती कोणाची होती हे ठरवायचं कसं? याचं एक उत्तम उदाहरण आपल्या ओटावात, कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये उभं आहे. यंदाच्या अंकासाठी काहीतरी माहितीपर लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा आम्हाला तीच गाडी आठवली.

गाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझ ७७०. जर्मन लोक तिला 'ग्रोसर', म्हणजे 'थोरली' मर्सिडीज म्हणत. १९३८ ते १९४३ या काळात बनलेल्या या दुसऱ्या पिढीच्या अवघ्या ८८ गाड्या झाल्या. इंजिन आठ सिलिंडरचं, ७.७ लिटरचं. सुपरचार्जर चालू केला की ताकद २३० अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कोणी भुवई उंचावणार नाही, पण चिलखती पत्रा आणि जाड बुलेटप्रूफ काचा धरून या गाडीचं वजन चार टनांच्या वर जायचं. वरचं छप्पर मागे घेता येतं, कारण आत बसलेला माणूस लोकांना दिसावा हाच तर या गाडीचा उद्देश. तिला प्रवासाची गाडी म्हणण्यापेक्षा मिरवणुकीची गाडी म्हणणं जास्त बरोबर.

या गाडीचा अलीकडचा इतिहास कधीच वादात नव्हता. मे १९४५ मध्ये, जर्मनी शरण येण्याच्या बेतात असताना, अमेरिकेच्या २०व्या आर्मर्ड डिव्हिजनमधल्या सार्जंट जो अझारा यांना ती ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या लाउफेन गावाजवळ सापडली. रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवलेली, तशीच सोडून दिलेली. त्याच वर्षी ती जहाजाने अमेरिकेत आली, लोकांना दाखवली गेली आणि मग मेरीलँडमधल्या अॅबरडीन या लष्करी तळावर पडून राहिली. १९५६ मध्ये तिचा लिलाव झाला आणि मॉन्ट्रियलच्या एका खरेदीदाराने ती घेतली. पुढे ती क्वेबेक सिटीत गेली आणि तिथल्या मालकाने १९७० साली ती वॉर म्युझियमला देऊन टाकली.

या सगळ्या प्रवासात गाडीबरोबर एक नाव चालत आलं होतं: हेरमान गोरिंग. हिटलरचा उजवा हात, जर्मन हवाई दलाचा प्रमुख. म्युझियमनेही दान घेतलं ते 'गोरिंगची गाडी' म्हणूनच, आणि दहा-बारा वर्षं प्रेक्षकांनी ती तशीच पाहिली.

नाव पटण्यासारखंच होतं, हेही सांगायला हवं. गोरिंगचा थाटमाट जगजाहीर होता. बेर्खटेसगाडेनच्या डोंगरावर त्याचं घर होतं, म्हणजे गाडी सापडली त्याच मुलखात. तोही त्याच दिवसांत, त्याच भागात अमेरिकनांच्या हाती लागला. त्याची एक दुसरी मर्सिडीजही अमेरिकन सैनिकांना तिथेच मिळाली होती. एवढं सगळं जुळल्यावर कोण कशाला शंका घेईल? फक्त एक गोष्ट नव्हती. कागद.

मागे आई-बाबा भारतातून आले असताना त्यांना ही गाडी दाखवायला नेलं होतं. (पाहुणे आले की ओटावाची ट्रिप ठरलेली: पार्लमेंट, रिडो कॅनॉल, मे महिना असेल तर ट्यूलिप, आणि पाय दुखले नसतील तर म्युझियम.) बाबांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेलेली. आम्ही त्यांना हा मालकीचा इतिहास मोठ्या उत्साहाने सांगितला, तर ते शांतपणे म्हणाले, "हे सगळे आत्ताचे उतारे झाले. पहिला फेरफार कुठे आहे?" ज्यांना गावाकडच्या जमिनीचे व्यवहार माहीत आहेत त्यांना हे लगेच कळेल. सातबारावर आज नाव कोणाचं आहे याने सगळं सिद्ध होत नाही. ते नाव तिथे कसं आलं, याची नोंद मागे मागे नेत मूळ मालकापर्यंत पोचवावी लागते. मधली एक जरी कडी तोंडी असली, तरी अख्खी साखळी तोंडी.

नेमका हाच प्रश्न १९८० च्या सुमाराला म्युझियमचे ग्रंथपाल लुडविग कोश यांनी धरला. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणारा माणूस, असं कोणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाकावं. कोश यांनी याआधी सर आयझॅक ब्रॉक यांच्या नावाने जपलेल्या वस्तूंचा असाच छडा लावून त्यावर लेख लिहिला होता. हे ब्रॉक १८१२ च्या युद्धातले सेनापती. ओंटारिओत शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना त्यांच्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पुढे ब्रॉक यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चित्रांचीही कोश यांनी तपासणी केली. थोडक्यात, 'सगळे म्हणतात' या पुराव्यावर त्यांचं समाधान होत नसे. प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो. मीटिंगमध्ये तो नकोसा वाटतो, आणि रिलीज फसलं की सगळ्यांना तोच आठवतो.

कोश यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पहिली पायरी अर्थातच नंबराची. रंग, प्लेट, गाद्या, दिवे, सगळं बदलता येतं, पण कारखान्यात गाडीला दिलेला नंबर कारखान्याच्या वहीतही असतो. श्टुटगार्टच्या डाइमलर-बेंझ कंपनीकडे पत्रव्यवहार झाला. ई-मेलचा काळ नव्हे. एक प्रश्न विचारायचा आणि पोस्टाची वाट बघायची. कंपनीच्या नोंदीप्रमाणे ही गाडी जुलै १९४० मध्ये दिली गेली होती बर्लिनच्या राइश चॅन्सेलरीला. म्हणजे थेट हिटलरच्या कार्यालयाला. गोरिंगचा तिथे संबंध नव्हता.

इथेच थांबून 'सापडली!' म्हणून ओरडण्याचा मोह झाला असता. पण चॅन्सेलरीकडे अशी एकच गाडी नव्हती. कार्यालयाच्या नावावरची गाडी आणि साहेब स्वतः वापरत ती गाडी यात फरक असतो, हे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. म्हणून दुसरी पायरी फोटोंची. या मोटारींच्या बॉडी झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात जवळजवळ हातानेच, ऑर्डरीप्रमाणे बनवल्या जात. त्यामुळे लांबून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत दिवे, हॉर्न, आरसे, काचेची चौकट अशा ठिकाणी बारीकसारीक फरक सापडतात. आणि हिटलरच्या मिरवणुकांच्या फोटोंना काही तोटा नव्हता. त्या राजवटीला फोटोंची हौसच दांडगी, त्यामुळे पुरावाही त्यांनीच ढिगाने मागे ठेवला. फोटोत तो बहुधा मागे नाही, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी असतो. उभा राहून सलामी घ्यायला ती जागा सोयीची.

तिसरी पायरी नंबरप्लेटची. त्या काळी जर्मनीत गाडीच्या नंबरावरून तिचा प्रांत कळायचा, जसं आपल्याला एमएच-१२ दिसलं की पुणं कळतं. रोमन आकडा एक आणि पुढे 'ए' म्हणजे बर्लिन. रोमन दोन आणि 'ए' म्हणजे म्युनिक. या गाडीवर वर्षानुवर्षं चढलेल्या रंगांच्या थरांखाली जुन्या नोंदणी क्रमांकाच्या खुणा मिळाल्या आणि त्या फोटोतल्या नंबराशी ताडून पाहता आल्या.

कंपनीची वही, फोटो आणि रंगाखालचा नंबर, हे तीन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगत होते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीन वेगवेगळ्या सर्व्हरचे लॉग जुळले. १९८२ मध्ये कोश यांनी हा सगळा शोध 'आफ्टर द बॅटल' या ब्रिटिश त्रैमासिकात मांडला. गाडी गोरिंगची नव्हती. ती हिटलरच्या मिरवणुकीच्या गाड्यांपैकी एक होती. 'पैकी एक' हे शब्द महत्त्वाचे. 'हिटलरची गाडी' असं एकवचनात म्हणणं चुकीचंच.

एरवी वस्तूंच्या बाबतीत उलटं घडतं. साधी तलवार असते, ती विकताना पेशव्यांची होते. इथे छोट्या नावाखाली मोठं नाव दडलेलं निघालं. गोरिंग हे नावच इतकं पुरेसं होतं की त्याच्या पलीकडे बघायची कोणाला गरज वाटली नाही.

नेहमीचं उदाहरण हवं असेल तर तेही अमेरिकेत आहे, आणि ते आपल्यासारख्या निधी गोळा करणाऱ्या मंडळींनी जरूर ऐकावं. १९४८ मध्ये शिकागोच्या ख्रिस्तोफर जेनस नावाच्या व्यावसायिकाला स्वीडनमधून, बॉल बेअरिंगच्या व्यवहारात पैशांऐवजी, एक थोरली मर्सिडीज मिळाली. ती हिटलरची म्हणून त्याने गावोगाव दाखवली. तिकीट लावून धर्मादाय कामांसाठी पैसेही उभे केले. लोकांनी तुफान गर्दी केली. १९७३ च्या लिलावात तीच गाडी दीड लाख डॉलरच्या वर गेली, 'हिटलरची' म्हणूनच. प्रत्यक्षात ती हिटलरने १९४१ च्या डिसेंबरात फिनलंडच्या मार्शल मॅनरहाइम यांना भेट दिलेली होती. म्हणजे हिटलरची म्हणून गाजली ती मॅनरहाइमची, आणि खरोखर हिटलरच्या ताफ्यातली होती ती इकडे क्वेबेकमध्ये दुसऱ्याच्या नावावर मुकाट उभी. ज्यांनी जेनसला धर्मादायासाठी पैसे दिले त्यांचे पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही. पण दान घेताना समोर लावलेली पाटी खरी असावी, एवढी अपेक्षा चूक नाही.

(ज्यांना असल्या भानगडीच नकोत त्यांनी कोल्हापूरची मेबॅक पाहावी. छत्रपतींच्या घराण्याची ही जर्मन मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते. ती कोणाची, हा प्रश्न तिथल्या शेंबड्या पोरालाही पडत नाही, कारण ती घराबाहेर गेलेलीच नाही.)

ओटावातल्या गाडीची ओळख पटली, आणि त्याबरोबर तिची किंमतही कुठच्या कुठे गेली. २००० साली म्युझियमने ती विकण्याचा विचार पुढे आणला. त्याच काळात म्युझियमच्या नव्या इमारतीसाठी निधी गोळा करणं चालू होतं, आणि विक्रीतून लाखो डॉलर येतील अशी चर्चा होती. ही गाडी म्हणजे पापाचं प्रतीक, तिला प्रेक्षक मिळावेत हेच वाईट, असं काही जणांचं म्हणणं. तर काहींचा प्रश्न असा की एवढे पैसे मोजून ती घेणार कोण? हिटलरला देव मानणाऱ्या एखाद्याच्या दिवाणखान्यात ती गेली तर? लोकांचा विरोध झाला आणि विक्री बारगळली.

आमच्या मते बरोबर झालं. निधीची गरज काय असते हे या पुस्तिकेच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक जाहिरातीमागे किती फोन करावे लागतात ते आम्हीही पाहिलंय. तरी काही वस्तू विकून आलेला पैसा मोजताना हात अडखळतो. शिवाय ही गाडी गोरिंगची म्हणून दान मिळाली होती. तिचं खरं नाव शोधलं ते म्युझियमच्याच ग्रंथपालाने, वाचनालयात बसून. ते कष्ट लिलावाच्या कॅटलॉगमध्ये किंमत वाढवायला वापरायचे, हे आम्हाला तरी रुचलं नसतं.

८ मे २००५ रोजी, युरोपातलं युद्ध संपून बरोबर साठ वर्षं झाली त्या दिवशी, लब्रेटन फ्लॅट्सवरचं नवं वॉर म्युझियम उघडलं आणि गाडीही तिकडे हलली. ती दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात आहे. तिथे तिला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं मांडलेलं नाही, तिच्याभोवती युद्ध मांडलेलं आहे. जाड काचांवरचे तडे नीट बघा. पार्लमेंटपासून म्युझियम जवळच आहे आणि आत सगळीकडे व्हीलचेअर जाते, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन जायला काहीच अडचण नाही. मात्र निदान तीन तास हाताशी ठेवा, आणि पोळी-भाजीचे डबे गाडीतच राहू द्या.