कांदाचाळ बांधावयाची, तर काढणीपासून मागे मोजा

जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे गाव ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरात वसलेले आहे. रब्बी कांदा हे या भागातील महत्त्वाचे नगदी पीक होय. ओतूर व आळेफाटा येथील उपबाजार जवळ असल्याने माल विकण्याची सोय आहे. परंतु एप्रिल महिन्यात सर्वांचाच कांदा एकदम निघतो आणि भाव उतरतात. ज्याच्याजवळ चांगली चाळ आहे, तो थांबू शकतो. ज्याची चाळ अर्धवट उभी आहे, त्याला मिळेल तो भाव पत्करावा लागतो. तसे न केल्यास कांदा शेतातच ढीग लावून झाकावा लागतो, आणि वळवाची एक सर आली की वर्षाचे कष्ट कुजू लागतात.

चाळीचे काम अपुरे राहण्यास पैशाची अडचण हे एकच कारण नसते. पुष्कळदा काम उशिरा हाती घेतलेले असते. म्हणून चाळीचे वेळापत्रक आखताना आरंभाचा दिवस प्रथम ठरवू नये. कांदा चाळीत भरण्याचा दिवस प्रथम ठरवावा आणि तेथून मागे मोजत यावे.

किती मोठी चाळ हवी?

एकरी १०० क्विंटल उत्पादन धरले, तर अडीच एकरांच्या कांद्यास २५ टनांची चाळ लागेल. प्रत्येकी ४० फूट लांब व ४ फूट रुंद असे दोन कप्पे करून त्यांत ५ फूट उंचीपर्यंत कांदा भरल्यास एवढा माल मावतो. दोन्ही कप्प्यांच्या मध्ये ये-जा करण्यास ५ फुटांची वाट ठेवावी. कप्प्याची रुंदी वाढवून जागा वाचविण्याचा मोह टाळावा. कारण मधल्या कांद्यास वारा लागत नाही व सड तेथूनच सुरू होते.

पाच फूट उंचीच्या थराचे वजन तळाच्या दर चौरस फुटावर सुमारे ७८ किलो पडते. हा हिशेब लक्षात ठेवला, म्हणजे खांब, तुळया आणि बांबूचा तळ घाईने का उरकू नये हे कळून येईल.

कामांचा क्रम

ऑक्टोबर : पावसाळा संपताच जागा निवडावी. जागा उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी व गाडी जाण्याजोगी असावी. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. अनुदान घ्यावयाचे असल्यास अर्ज याच वेळी करावा. पूर्वसंमती मिळण्याआधी बांधकाम सुरू केल्यास अनुदानास मुकावे लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट शेतकऱ्यास पहिल्याच भेटीत सांगावी.

नोव्हेंबर व डिसेंबर : या काळात लागवडीची धांदल असते आणि मजूर मिळत नाहीत. म्हणून बांधकाम न काढता फक्त साहित्य जमवावे. बांबू पक्के पाहून घ्यावेत व सावलीत वाळवावेत. ओला बांबू पुढे आक्रसतो आणि तळाच्या फटी रुंदावतात.

जानेवारी : लागवड आटोपल्यावर आखणी करून खड्डे घ्यावेत व खांबांचा पाया भरावा. काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारावे. त्याला पुरती ताकद येण्यास २८ दिवस लागतात. ते दिवस रिकामे दिसले, तरी वेळापत्रकातून वगळता येत नाहीत.

फेब्रुवारी : महिन्याच्या उत्तरार्धात छप्पर चढवावे. तळाआधी छप्पर करण्याने बांबूकाम सावलीत होते. कौले किंवा सिमेंटचे पत्रे वापरावेत. लोखंडी पत्रा उन्हात फार तापतो. माळशेजच्या बाजूने येणारा पाऊस वाऱ्याबरोबर आत शिरतो, म्हणून छपराची पागोळी कप्प्याबाहेर ३ फूट काढावी.

मार्च : पहिल्या पंधरवड्यात बांबूचा तळ व बाजूच्या भिंती कराव्यात. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावा, म्हणजे खालून हवा खेळती राहील. दुसऱ्या पंधरवड्यात सभोवती पाण्याचा चर काढावा, साफसफाई करावी आणि राहिलेली डागडुजी पुरी करावी. हा पंधरवडा मुद्दाम मोकळा धरलेला आहे. गवंडी न येणे, पत्रे उशिरा मिळणे, अशी अडचण कोठे तरी येतेच.

चाळ तयार, पण कांदा तयार आहे काय?

चांगली चाळ कच्चा कांदा टिकवू शकत नाही. काढणीपूर्वी १५ ते २० दिवस पाणी तोडावे. निम्म्या झाडांच्या माना पडल्या म्हणजे काढणी करावी. कांदा पातीसह ३ ते ५ दिवस शेतात असा सुकवावा की, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर यावी. नंतर सुमारे एक इंच मान ठेवून पात कापावी आणि १० ते १५ दिवस सावलीत सुकवावा. जोड, डेंगळे व जखमी कांदे वेगळे काढून मध्यम आकाराचाच कांदा भरावा. भीमा शक्ती, भीमा किरण आणि एन-२-४-१ हे वाण साठवणुकीस चांगले आहेत. यांपैकी पहिले दोन शेजारच्या खेड तालुक्यातील, राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे आहेत.

अशा रीतीने एप्रिलच्या आरंभी काढलेला कांदा महिनाअखेर चाळीत जातो आणि जूनचा पाऊस येण्यापूर्वी हातात एक महिना उरतो. तोच महिना ज्याने बांधकामात घालविला, त्याला पाऊस वाट पाहावयास लावत नाही.

शेतकरी बंधूंनो, यंदा चाळ बांधावयाची असेल, तर घरातील दिनदर्शिकेवर कांदा भरण्याच्या दिवसाभोवती आजच खूण करा आणि तेथून मागे मोजा. पहिले काम कोणत्या आठवड्यात काढावयाचे, हे तीच खूण सांगेल.