औषध सहा महिन्यांचं, हंगामही सहा महिन्यांचा

दसरा उरकला की मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर कोयता उचलावाच लागतो. बीड, जालना आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलीही जोडपी सांगली-कोल्हापूरच्या, काही थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथं फडाजवळ कोपी पडते आणि पाच-सहा महिने संसार तिच्यातच चालतो. साध्या क्षयरोगाचं औषधही सहा महिन्यांचं असतं. ऐन हंगामाच्या तोंडावर ज्याला टीबी निघतो, त्याच्यापुढं दोन वेळापत्रकं उभी राहतात. उचल घेतलेली असली की गोळ्यांचं वेळापत्रक मागे पडतं.

टीबीवरच्या संशोधनात गेल्या ऐंशी वर्षांत जे काही मोठं घडलं, ते बहुतेक वेळ वाचवण्यासाठी घडलं. निदानाचे आठवडे तासांवर आले, उपचाराची वर्षं महिन्यांवर आली. पण पहिल्या खोकल्यापासून पहिल्या तपासणीपर्यंतचा वेळ प्रयोगशाळेत कमी होत नाही. तो घरात, फडावर, वाळूजच्या कारखान्यात पाळीवर आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानात खर्च होतो.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या. जंतू सापडून पाच वर्षं होत आली होती, तरी जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडं त्यावर औषध नव्हतं. पुढची साठेक वर्षं चांगली हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच उपचार होता. पाचगणीचं बेल-एअर आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं आरोग्यधाम त्याच काळातली. ज्याला परवडे तो तिथं जाई. बाकीच्यांचं काय होत होतं, ते जुन्या घरांतल्या वंशावळी पाहिल्या तरी कळतं.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं आणि चित्र पालटलं. तरी रुग्णाला आरोग्यधामातच ठेवायला हवं, ही समजूत टिकून होती. ती मोडली मद्रासमध्ये. तिथं 1956 साली क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. योगायोगानं आपल्याकडं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, उभी राहिली तीही त्याच वर्षी. मद्रासच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरीच गोळ्या दिल्या. 1959 साली निष्कर्ष आले. घरी राहून गोळ्या घेणारेही जवळपास तसेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. जगभरची आरोग्यधामं ओस पडायला लागली, त्याला या भारतीय प्रयोगाचा मोठा हातभार लागला. पुढं रिफाम्पिसिन आलं आणि दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. आज आशाताई जे गोळ्यांचं पाकीट हातात देतात, त्यात पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी असते आणि नंतरचे चार महिने तीन औषधांची. गोळ्या किती, ते रुग्णाच्या वजनावर ठरतं. रिफाम्पिसिननं लघवीचा रंग नारिंगी होतो. कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद करतो. सांगायला अर्धा मिनिट लागतो, पण ओपीडीच्या रांगेत तेवढंही राहून जातं.

निदानाची कथा आणखी रंजक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा तर बेडक्याच्या एका मिलीलिटरमध्ये ते हजारोंनी असावे लागतात. आजार थोडा असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. जंतू वाढवून पाहायची पद्धत अचूक, पण तिला सहा-आठ आठवडे लागत. जंतूची जनुकं शोधणारी यंत्रं आली तेव्हा हे काम एक-दोन तासांवर आलं. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, तेही त्याच नमुन्यातून कळायला लागलं. अशा पहिल्या परदेशी यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 साली मान्यता दिली. ते चांगलं होतं, पण त्याला वातानुकूलित खोली आणि अखंड वीज हवी. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्हींची वानवा. ही अडचण गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रानं सोडवली. ते बॅटरीवर चालतं आणि टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली त्याचीही शिफारस केली.

यंत्र कितीही हुशार असलं तरी डबीत काय येतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ जण संकोचानं नुसती थुंकी देतात. नमुना सकाळी उठल्याउठल्या घ्यायचा. चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून काढलेला बेडका डबीत टाकून झाकण घट्ट लावायचं. हे मोकळ्या हवेत करायचं, संडासात किंवा बंद खोलीत नाही. आणि रक्त तपासून टीबी आहे की नाही सांगणाऱ्या जुन्या चाचण्यांवर सरकारनं 2012 सालीच बंदी घातली आहे. तरीही ‘रक्तात काही निघालं नाही’ या आधारावर निर्धास्त राहणारी माणसं भेटतात.

2019 ते 2021 या काळात देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीनं मात्र डॉक्टरांनाही विचारात पाडलं. लक्षणं असलेल्या लोकांपैकी 64 टक्के कुठंही दाखवायला गेलेच नव्हते. शिवाय छातीचा एक्स-रे काढला नसता तर 42.6 टक्के रुग्ण हाती लागलेच नसते. म्हणजे दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहण्यात अर्थ नाही, तपासणीनंच दारी जायला हवं. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आणि ती प्रतिमा वाचणारी संगणक प्रणाली यांचा खरा उपयोग इथंच आहे. अशा प्रणालींमध्ये मुंबईच्या क्युअर.एआय कंपनीचं नाव जगभर घेतलं जातं. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत ही यंत्रं गावोगाव फिरली. माझ्या मते त्यांचा सर्वांत नेमका मुहूर्त दसऱ्याआधीचा पंधरवडा आहे, ऊसतोडणीच्या गावांतला. दुसरी फेरी जानेवारीत, कारखान्याच्या अड्ड्यावर.

औषधं मध्येच सोडली किंवा चुकीची मिळाली की जंतू निर्ढावतो. डिसेंबर 2011 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत खळबळ उडाली. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचा तेव्हाचा उपचार म्हणजे वीस-चोवीस महिने मूठभर गोळ्या आणि रोज टोचायची इंजेक्शनं. त्यांतल्या कानामायसिननं अनेकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन त्यांपैकी एक. बेडाक्विलिन हे नवं औषध इंजेक्शनाशिवाय काम करतं. त्याचं पेटंट आणखी काही वर्षं लांबवायचा कंपनीचा अर्ज होता. नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला. स्वस्त बेडाक्विलिनची वाट मोकळी करण्यात बरे झालेल्या दोन रुग्णांचा वाटा आहे, ही गोष्ट मला कुठल्याही नव्या गोळीइतकीच मोलाची वाटते.

निर्ढावलेल्या टीबीवर आता बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार आला आहे. 2022 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो घेणाऱ्या 89 टक्के रुग्णांना गुण आला. जुन्या उपचारात हा आकडा 52 टक्के होता. भारतानं सप्टेंबर 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली. साधा टीबी असलेल्या लहान मुलांनाही दिलासा आहे. आजार सौम्य असेल तर चार महिन्यांचं औषध पुरतं, हे सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होतं. लशीच्या आघाडीवर मात्र अजून वाट पाहायची आहे. 1921 पासून वापरात असलेली बीसीजी बाळांना गंभीर टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाचं रक्षण तिला नीट जमत नाही.

आणि जेवणाचं काय? डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं झारखंडमध्ये 2,800 रुग्णांच्या कुटुंबांवर अभ्यास केला. रुग्णांना सगळीकडं शिधा दिला, घरच्यांना मात्र निम्म्याच गटांत. ऑगस्ट 2023 मध्ये ‘लॅन्सेट’नं निष्कर्ष छापले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरलं. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी घटतो, हेही त्यातून कळलं. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो. तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर या वाणसामानाचा गुण एखाद्या लशीला हेवा वाटावा असा आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये येत, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. वाढ चांगलीच, पण किराणा दुकानात 1000 रुपयांत महिनाभर काय येतं, ते वाचकांना सांगायला नको. शिवाय हे पैसे एकट्या रुग्णाचे, आणि तव्यावरची भाकरी सगळ्यांत वाटली जाते. झारखंडचा धडा घ्यायचा तर शिधा कुटुंबाला मिळायला हवा.

फडावर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. नोंदणीच्या वेळी मिळालेला निक्षय क्रमांक देशभर चालतो. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगितलं तर पुढच्या गावी गोळ्या सुरू राहण्याची सोय करता येते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, घटणारं वजन, यांतलं काहीही घरात कुणाला असेल, तर दिवाळीचे पाहुणे परतायची वाट पाहू नका. बेडक्याची तपासणी आणि पूर्ण उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. चौकशीसाठी 1800-11-6666 हा निःशुल्क क्रमांक आहे.