ताप आला की सुईच हवी? सेफ्ट्रियाक्सोनबद्दल हे माहीत असू द्या

ताप आला की दवाखान्यात अनेकांची पहिली मागणी, ‘डॉक्टर, सुई मारा.’ सेफ्ट्रियाक्सोन हे इंजेक्शन मात्र प्रत्येक तापाचं औषध नाही. ते जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही, म्हणून जिवाणू मरतो. टायफॉइड, न्यूमोनिया, जिवाणूंमुळे झालेला मेंदूज्वर यात ते जीव वाचवतं. सर्दी, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. तिथे त्याचा उपयोग नाही.

औषध शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे बहुतेकांना दिवसातून एकदाच पुरतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सुई घेण्याआधीच सांगा. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता कोर्स सोडू नका. विनाकारण सुया घेतल्या तर जिवाणू औषधाला दाद देत नाहीत, आणि खऱ्या गरजेला हेच इंजेक्शन फुकट जातं.