गाडीत कॉफी करताय? आधी दार उघडा, मग गॅस पेटवा

परतवाडा : थंडी पडली की आपल्याकडची पोरं, बायामाणसं गाडी काढून चिखलदऱ्याला निघतात. कोणाकडे जुनी व्हॅन आहे, कोणी पिकअपवर ताडपत्री टाकून झोपायची सोय केली आहे. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. म्हणजे गाडीतच राहायचे, गाडीतच खायचे, असा प्रवास आता फक्त मोठ्या लोकांचा राहिला नाही. संत्रा घेऊन रात्री मार्केटला जाणारे आपले शेतकरी आणि ड्रायव्हर तर कित्येक वर्षांपासून गाडीतच चहा-कॉफी करतात.

पण लहान गाडीत कॉफी करणे आणि घरच्या ओट्यावर कॉफी करणे यात फरक आहे. तो फरक मला पुस्तकातून नाही, जिवावर बेतल्यावर कळला. म्हणून हे लिहीत आहे.

दूध उतू गेलं म्हणून वाचलो

डिसेंबरची गोष्ट. मी, माझा मेहुणा आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा व्हॅन घेऊन चिखलदऱ्याला मुक्कामी गेलो होतो. मागचे सीट काढून गादी टाकली होती. पहाटे साडेपाचला थंडीने जाग आली. काचा वर, दारे बंद. मी आतच छोटी गॅस शेगडी पेटवली. कॉफी झाली, प्यायलो. शेगडीची ऊब बरी वाटली म्हणून बंद केली नाही. त्यावर दुसऱ्यांदा दूध ठेवले.

थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "बाबा, डोकं दुखून रायलं."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, त्याले कालचा घाट लागला असंल. निजू द्या त्याले."

माझेही डोके जड झाले होते, पण मला वाटले झोप झाली नाही. तेवढ्यात दूध उतू गेले. गादीवर सांडू नये म्हणून मी भांडे उचलले आणि बाहेर ठेवायला दार उघडले. गार हवा आत आली. उतरायला गेलो तर पायात जीवच नाही. मुलाला बाहेर ओढले, त्याने लगेच उलटी केली. अर्धा-पाऊण तास मोकळ्या हवेत बसलो तेव्हा डोके हलके झाले.

खाली आल्यावर डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "घाट नाही लागला, गॅस लागला. दार उघडलं नसतं तर तिघंही झोपेतच राहिले असते."

हा कोणता गॅस?

सिलिंडरमधला गॅस वेगळा आणि हा वेगळा. कोणतेही इंधन जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही.

लक्षणे अशी : डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अशक्तपणा, गुंगी. ही सगळी लक्षणे घाट लागल्यासारखीच असतात, म्हणून माणूस फसतो. ओळखायची खूण एकच. गाडीतल्या सगळ्यांना सोबतच त्रास होत असेल आणि बाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर घाटाला दोष देऊ नका.

दहा बाय दहाच्या खोलीत जेवढी हवा असते, त्याच्या साधारण पाचवा-सहावा हिस्सा हवा लहान व्हॅनमध्ये असते. त्यात तीन माणसांचे श्वास आणि एक शेगडी. हवा संपायला किती वेळ लागणार? ज्योत निळी दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. ज्योत पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे पडायला लागले तर शेगडी तिथेच बंद करा. कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे तर गाडीत कधीच नको. विझत आलेला कोळसासुद्धा हा वायू सोडतो.

मग कॉफी करायची कशी?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे गाडीच्या बाहेर, जमिनीवर. मागचा दरवाजा वर केला की आडोसा आपोआप होतो. वारा असेल तर पत्र्याचा तुकडा एका बाजूला उभा करा. चारही बाजूंनी झाकू नका, नाहीतर उष्णता सिलिंडरकडे फिरते.

पाऊस असेल आणि आतच करावी लागली तर निदान समोरासमोरची दोन दारे किंवा काचा उघड्या ठेवा. एक काच दोन बोटे खाली केली म्हणजे हवा खेळली असे होत नाही. कॉफी झाली की शेगडी बंद. ऊब घ्यायला शेगडी नाही, घोंगडी घ्या.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही. भांडे अर्धेच भरा आणि पातेल्याऐवजी दांडी असलेले खोल भांडे घ्या. सीटचा फोम आणि खिडकीचे पडदे फार लवकर पेट घेतात.

सिलिंडर कोणता?

बाजारात छोटे सिलिंडर मिळतात, त्यावरच बर्नर बसवलेला असतो. ते घरगुती सिलिंडरमधून नळीने भरून देणारेही भेटतात. असे भरणे बेकायदा आहे आणि त्या टाकीची तपासणी कधी झाली हे कोणालाच माहीत नसते. गॅस कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर अधिकृत मिळतो. रेग्युलेटर आणि नळीसह तोच घ्या. सिलिंडर उभा बांधून ठेवा, आडवा नको. वापरून झाला की रेग्युलेटर बंद.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, गाडीच्या तळाशी, सीटखाली, गादीखाली साचतो. त्याला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला कळावे म्हणून. वास आला तर काडी नाही, लाईट नाही, मोबाईल नाही. चावीही फिरवायची नाही, कारण स्टार्टरची ठिणगी पुरेशी होते. रेग्युलेटर बंद करा, सगळी दारे उघडा, माणसे लांब न्या. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

काही जण गाडीत ओटा, शेगडी, टाकी कायमची बसवून घेतात. असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. उद्या काही झाले तर विम्यालाही अडचण येते.

बॅटरीवर कॉफी होते का?

होते, पण धीर धरावा लागतो. गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी १२ व्होल्टची किटली साधारण १२० वॅटची असते. एक मोठा कप, म्हणजे २५० मिली पाणी तापायला हिशोबाने दहा मिनिटे, प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्याने चांगली बॅटरी उतरत नाही.

घरची १५०० वॅटची किटली इन्व्हर्टर लावून चालवतो म्हणाल तर नको. १२ व्होल्टवर तिला सव्वाशे अँपिअर करंट लागतो. गाडीची वायरिंग त्यासाठी नसते. वायर तापून आग लागू शकते.

कमी गॅस, चांगली कॉफी

माझी आताची पद्धत सांगतो. दक्षिणेकडचा स्टीलचा कॉफी फिल्टर मिळतो, दोन डब्यांचा. वरच्या डब्याला बारीक छिद्रे असतात. त्यात तीन चमचे कॉफी पावडर टाकायची, हलके दाबायची, वरून उकळते पाणी ओतायचे आणि झाकण लावायचे. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात घट्ट काढा उतरतो. हे घरूनच करून थर्मासमध्ये घ्यायचे. रस्त्यात फक्त दूध तापवायचे, म्हणजे शेगडी चार-पाच मिनिटेच लागते. दूध उन्हात नासते, म्हणून पावडर किंवा बंद पाकिटातले दूध ठेवा.

इन्स्टंट कॉफी तर त्याहून सोपी. घरून थर्मासभर उकळते पाणी नेले की गॅस पेटवायचीच गरज नाही.

पाकीट घेताना मागे वाचा. बऱ्याच पावडरींमध्ये चिकोरी मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. रंग येतो, कडूपणा येतो, पण झोप घालवणारे कॅफीन तिच्यात नाही.

चिखलदऱ्याची उंची साधारण ११०० मीटर. तिथे पाणी १०० ऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ शिजायला वेळ लागतो, पण कॉफीला हे उलट बरे, कारण फार कडक पाण्याने ती करपट लागते. आणि कॉफी आपल्याला परकी पण नाही. आपल्या चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत.

एक मात्र पाळा. वर मेळघाटचे जंगल आहे. वाळल्या पानांजवळ, जंगलाच्या रस्त्यावर शेगडी पेटवू नका. गाव किंवा ठरलेली पार्किंगची जागा पाहूनच थांबा आणि कागदी कप परत आणा.

रात्रीच्या ड्रायव्हरसाठी

कॉफी प्यायली की लगेच झोप जात नाही. असर यायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घ्या, कॉफी प्या आणि काच उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडा. उठाल तेव्हा दोन्हीचा फायदा मिळेल. पण दोन रात्रींची झोप एका कपाने भरून निघत नाही. माल अर्धा तास उशिरा पोहोचला तरी चालते.

त्रास झालाच तर

- शेगडी बंद करून माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा.
- बेशुद्ध असेल, गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, कॉफी काही घालू नका.
- बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा आणि "बंद गाडीत शेगडी चालू होती" हे आवर्जून सांगा. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अजिबात थांबू नका.

माझा मुलगा आता गाडीत बसला की शेगडीकडे आधी पाहतो. परवा मी थर्मास उघडला तरी त्याने काच खाली केली. मेहुणा हसला, "अरे, थर्मास होय तो." पोरगा म्हणाला, "राहू द्या मामा, उघडीच बरी." मी काही बोललो नाही. माझीही काच खाली घेतली.